तुझे नाव काय? बायबल वाचून स्वतःची ओळख शोधू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाला कोणी नवीन आले की मी पहिल्या दिवशी बायबल उघडायला लावत नाही. शंभर पानी वही पुढे सरकवते आणि सांगते, "लोक तुम्हाला कोण म्हणून ओळखतात ते एकाखाली एक लिहून काढा. चांगले, वाईट, सगळे."

दोन वर्षांपूर्वी एका पंचविशीतल्या मुलाने काय लिहिले ते मला अजून आठवते. 'धाकटा. बारावी नापास. पार्सलवाला. लग्न मोडलेला.' मग त्याने जात लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. पेन खाली ठेवून म्हणाला, "ताई, यातलं माझं किती आणि दुसऱ्यांनी चिकटवलेलं किती, हे कसं कळायचं?"

हा लेख त्याच्या त्या प्रश्नासाठी आहे. तुम्ही जन्माने ख्रिस्ती असाल आणि घरातले बायबल कपाटात पडून असेल, किंवा ख्रिस्ती नसाल आणि नुसती ओढ वाटत असेल, दोघांसाठी सुरुवात इथूनच करता येते. वाचायला सुरुवात करण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि काही कबूल करावे लागत नाही.

'स्वतःच्या आत डोकावा, तिथे खरे तुम्ही सापडाल' असे हल्ली सगळीकडून ऐकू येते. मीही ते करून पाहिले आहे. आत डोकावले की मला बहुतेक वेळा दुसऱ्यांचेच आवाज ऐकू यायचे: आईचा, शाळेतल्या बाईंचा, कधी भांडलेल्या शेजारणीचा. बायबलमधली माणसे अशी आत शिरून स्वतःला शोधताना फारशी दिसत नाहीत. त्यांना कोणीतरी हाक मारते, आणि त्या हाकेला 'ओ' देताना आपण कोण आहोत हे त्यांना उमगत जाते. म्हणून पुढचे दोन महिने तुम्ही एकच काम करायचे आहे. देव कुणाला काय म्हणून हाक मारतो, याकडे कान लावून वाचायचे. 'मी काय करावे?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. त्याची पाळी येईल.

कोणते बायबल घ्यावे

मराठीत निवड करायला जागा आहे. बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सर्वांत जास्त वाचले जाते. त्याची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे. 'ठायी', 'करिता', 'जो कोणी' असे शब्द पानोपानी येतात, पण आठवड्याभरात ते अंगवळणी पडतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आजच्या बोलीला जवळचे आहे. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी बहुधा तेच सुचवते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला केलेले भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ते कुठे हाती लागले तर तुलनेसाठी जरूर पाहा.

मोबाइलवर मराठी बायबल फुकट मिळते आणि प्रवासात ऐकताही येते. तरी पहिले दोन महिने छापील प्रत वापरा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. पेन्सिलीने खुणा करता आल्या पाहिजेत, आणि मध्येच कुणाचा मेसेज यायला नको.

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात ७३. या लेखात येणारी सगळी पुस्तके दोन्हींत आहेत, तेव्हा घरात जे असेल ते चालेल. 'मार्क ५:३४' म्हणजे मार्कचे शुभवर्तमान (येशूची गोष्ट सांगणारे पुस्तक), पाचवा अध्याय, चौतिसावे वचन. हे आकडे मूळ लिखाणात नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि नव्या करारातल्या (येशूपासून पुढच्या भागातल्या) वचनांचे आजचे आकडे १५५१ सालचे आहेत. म्हणून एखादेच वचन तोडून त्यावर स्वतःची ओळख उभारू नका. कॅलेंडरावर छापलेले वचन कितीही गोड असले तरी त्याच्या आधीचे आणि नंतरचे पान वाचा.

वहीचे पहिले पान

वर सांगितलेली यादी आजच करा. दहा-बारा ओळी पुरतात. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे नाव मला कुणी दिले: आईबापांनी, शाळेने, समाजाने, कंपनीने, का मीच रागाच्या भरात स्वतःला. कशावरही काट मारू नका. हे पान तसेच राहू द्या. पुढे ते लागणार आहे.

दुसऱ्या पानापासून रोजची नोंद. तारीख, वाचलेला भाग, आणि दोन प्रश्नांची उत्तरे. या भागात लोक या माणसाला काय म्हणतात? आणि देव, किंवा येशू, त्याला काय म्हणतो? एवढेच. सुंदर लिहायच्या फंदात पडू नका. मोडक्यातोडक्या ओळी चालतात.

वेळ रोज वीस मिनिटे ते अर्धा तास. पहाटेच वाचले पाहिजे असे काही नाही. रात्रपाळी करणाऱ्या नर्स बायका आमच्या गटात आहेत. त्या सकाळी घरी येऊन, चहा घेऊन, झोपायच्या आधी वाचतात. सुरुवातीला एक वाक्य मनात म्हणा: "प्रभू, तू बोल, मी ऐकतो आहे." बायबलमधल्या बाळ शमुवेलाला याजक एलीने हेच शिकवले होते. त्यालाही हाक कुणाची आहे हे पहिल्या तीन वेळा कळले नव्हते.

पहिले सोळा दिवस: मार्क

उत्साहाने पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले बायबल लेवीय किंवा गणना या पुस्तकांत अडकते आणि मिटते, हे मी फार पाहिले आहे. म्हणून सुरुवात मार्कपासून. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांचे. रोज एक घ्या.

पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षाविधी) होतो आणि स्वर्गातून वाणी येते की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. हे वाचून थांबा आणि पाहा, तोपर्यंत येशूने काय केलेले आहे? मार्कमध्ये एकही चमत्कार झालेला नाही, एकही प्रवचन झालेले नाही. निकाल लागायच्या आधीच बापाने पेढे वाटले आहेत. ज्या घरांत मुलाचे टक्के कळल्यावर त्याच्याशी कसे बोलायचे ते ठरते, तिथे वाढलेल्या माणसाने या ओळीपाशी दोन दिवस काढले तरी चालतील. मग मत्तयचा चौथा अध्याय उघडून पाहा. सैतान येशूला छळतो ते याच ओळखीवरून. 'तू देवाचा पुत्र असशील तर' असे तो म्हणतो. 'प्रिय' हा शब्द त्याने गाळला आहे, आणि 'करून दाखव' अशी अट जोडली आहे. तुमच्या पहिल्या पानावर 'करून दाखव' म्हणणारी किती नावे आहेत ते मोजा.

पाचव्या अध्यायाला मात्र एक दिवस पुरणार नाही. मी तो गटात दरवर्षी घेते, आणि दरवर्षी कोणीतरी रडते.

याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची लेक मरायला टेकली आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो, भोवती ही गर्दी. त्या गर्दीत एक बाई आहे, बारा वर्षे अंगावरून जाणारी. वैद्यांपायी होते नव्हते ते घालवून बसलेली, आणि दुखणे आणखी वाढलेले. तिचे नाव कुणी सांगत नाही. लेवीय १५ प्रमाणे ती अशुद्ध आहे आणि तिचा स्पर्श झालेलाही अशुद्ध. बाजूला बसणे, विटाळ, वेगळे अंथरूण, वेगळा तांब्या या गोष्टी ज्यांनी घरात पाहिल्या किंवा भोगल्या आहेत त्या मराठी बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. चार दिवसांचे बाजूला बसणे बारा वर्षे चालले आहे, असे समजा.

ती मागून येते आणि त्याच्या वस्त्राला शिवते. बरी होते. गुपचूप निघून जाता आले असते. पण येशू थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवले? शिष्य चिडतात. एवढ्या रेटारेटीत हा काय प्रश्न! याईरचा जीव तिकडे टांगणीला लागला आहे. तरी तो थांबून राहतो. ती थरथरत पुढे येते, सगळे खरे सांगते, आणि तो तिला म्हणतो, "मुली."

मराठीत इथे एक गंमत हातातून निसटते. थोड्याच वेळाने याईरच्या मुलीला उठवतानाही तो 'मुली' म्हणतो, त्यामुळे आपल्याला दोन्ही शब्द एकच वाटतात. ग्रीकमध्ये ते वेगळे आहेत. याईरच्या घरात येणारा शब्द 'पोरी, बाळे' अशा अर्थाचा आहे. या बाईला उद्देशून आलेला शब्द 'लेक' या अर्थाचा आहे, आणि याईरने आपल्या मुलीसाठी केलेल्या विनवणीत त्याच शब्दाचे लाडके रूप आहे. म्हणजे एक बाप भर रस्त्यात 'माझी लेक, माझी लेक' म्हणून आकांत करतो आहे. या दुसरीसाठी आकांत करणारे कोणी नाही. आणि येशू सगळ्यांदेखत तिला लेक म्हणतो.

वहीत त्या दिवशी पहिल्या प्रश्नाखाली लिहा: 'अशुद्ध', 'रक्तस्राव असलेली'. दुसऱ्याखाली: 'लेक'. तिला बरे वाटले होते ते आधीच. तो थांबला नसता तर ती 'बारा वर्षे विटाळशी होती ती, आता बरी आहे' म्हणून घरी गेली असती. तो थांबला म्हणून ती कुणाची तरी लेक होऊन गेली.

पुढचे दोन आठवडे: उत्पत्तीतली दोन माणसे

आता मागे, बायबलच्या पहिल्या पुस्तकाकडे जा. उत्पत्ती १:२६-२७ वाचा, जिथे देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचे असे निर्माण करतो, स्त्री आणि पुरुष दोघांनाही. त्या काळच्या राज्यांत देवाचे प्रतिरूप म्हणून मिरवायचे ते राजाने. इथे ते प्रत्येकाचे आहे. हे वाक्य घेऊन मग अध्याय १६ उघडा.

हागार ही मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी. अब्रामाची बायको साराय तिला 'माझी दासी' म्हणते, अब्राम तिला 'तुझी दासी' म्हणतो. लेखक तिचे नाव सांगतो, पण हे दोघे बोलताना ते एकदाही घेत नाहीत. ती गरोदर असताना छळाला कंटाळून रानात पळते, आणि तिथे झऱ्यापाशी देवाचा दूत तिला पहिल्यांदा नावाने हाक मारतो. विचारतो, कोठून आलीस आणि कोठे चाललीस? ती पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. दुसऱ्याचे तिच्याजवळ नाही. अशा बाईने देवालाच एक नाव ठेवले: मला पाहणारा देव.

इथे सावध करते. दूत तिला परत जायला सांगतो, हे खरे आहे, आणि ते वाचायला जड जाते. हे वचन पुढे करून मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरात पाठवणारी माणसे मी पाहिली आहेत. हागारची गोष्ट त्यासाठी लिहिलेली नाही. अध्याय २१ मध्ये ती त्या घरातून कायमची बाहेर पडते आणि देव तिथेही तिच्या मुलाचा आवाज ऐकतो. तुमच्या घरी मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. बायबल तिथे वाचता येते.

दुसरा याकोब. त्याची गोष्ट २५ पासून ३३ पर्यंत पसरली आहे. सगळी वाचा, पण दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा. अध्याय २७: बाप आंधळा झाला आहे, आशीर्वाद थोरल्याला द्यायचा आहे. याकोब भावाचे कपडे घालतो, हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधतो आणि बापासमोर जातो. बाप विचारतो, माझ्या मुला, तू कोण? तो म्हणतो, मी एसाव.

आता अध्याय ३२. मध्ये वीस वर्षांहून जास्त काळ गेला आहे. बायका, मुले, गुरे सगळे झाले आहे. उद्या तोच भाऊ चारशे माणसे घेऊन समोर येणार आहे. रात्री नदीकाठी एकटा असताना कोणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झोंबी करतो. हा आशीर्वाद मागतो. आणि तो विचारतो, तुझे नाव काय?

आशीर्वाद मागताना त्याला हाच प्रश्न पूर्वीही विचारला गेला होता. तेव्हा तो दुसऱ्याचे नाव सांगून आला होता. या वेळी तो म्हणतो, याकोब. त्या नावात टाच धरून ओढणारा, फसवून घेणारा असा अर्थ आहे. म्हणजे तो नुसते नाव सांगत नाही, कबुली देतो. त्यानंतरच त्याला नवे नाव मिळते, इस्राएल. आणि तो लंगडत पुढे जातो.

आमच्या गटातला तो पंचविशीतला मुलगा इथे बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी नोकरीच्या मुलाखतीत आडनाव जरा वेगळं सांगायचो." कुणीच काही बोलले नाही. पुढच्या बुधवारी त्याने सांगितले की वाचताना त्याला एक दिसले: अब्रामाचा अब्राहाम झाला तो कायमचा, पण याकोबाला नवे नाव मिळाल्यावरही पुढच्या अध्यायांत दोन्ही नावे येत राहतात, कधी इस्राएल, कधी याकोब. मी इतकी वर्षे शिकवत होते, माझ्या ते ध्यानात आले नव्हते. देवाने जुने नाव पुसून टाकले नाही, याचा त्याला फार आधार वाटला. तुम्हीही आज या प्रसंगासाठी वहीत एक ओळ लिहा: आशीर्वाद मिळावा म्हणून मी कुणाचे कपडे घालून उभा राहतो?

मग इफिसकरांस पत्र

सहा अध्यायांचे पत्र आहे. येशूचा प्रेषित पौल ते कैदेत असताना लिहितो आहे. एका बैठकीत सगळे वाचून काढा, अर्धा तास लागेल. मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा आणि जिथे 'करा', 'करू नका' अशी आज्ञा येते तिथे खूण करा. पहिल्या तीन अध्यायांत 'आठवण ठेवा' यापलीकडे जवळजवळ काहीच सापडणार नाही. चौथ्या अध्यायापासून मात्र आज्ञांची रीघ लागते: खोटे सोडा, चोरी करणाऱ्याने आता कष्ट करावेत, एकमेकांना क्षमा करा. तुम्ही कोण आहात हे तीन अध्याय सांगितल्यावर पौल म्हणतो, म्हणून आता असे वागा. मागे ठेवलेला 'मी काय करावे?' हा प्रश्न आता पुढे घ्या. क्रम उलटा केला की भक्तीची नोकरी होते. मी ती नोकरी कित्येक वर्षे केली. गायनमंडळ, रविवारची शाळा, उपास-प्रार्थना, सगळीकडे पुढे, आणि मनात सतत धास्ती की एक दिवस काढून टाकतील.

दुसऱ्या दिवशी फक्त १:३-१४ घ्या. मूळ ग्रीकमध्ये हे सगळे एकच लांबलचक वाक्य आहे, जणू पौलाला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यात 'ख्रिस्ताच्या ठायी', 'त्याच्या ठायी' हे शब्द जिथे जिथे येतात तिथे खूण करा. ठायी म्हणजे ठिकाणी. जुना मराठी शब्द आहे, संतांच्या तोंडी बसलेला. 'तू कोण?' या प्रश्नाला पौल तुमचे गुण सांगत नाही, तुमचा पत्ता सांगतो. याच भागात 'दत्तक' हा शब्द येतो. रोमन कायद्यात दत्तक घेतलेल्याला पोटच्या मुलाइतकाच वारसा मिळे. आपल्याकडेही दत्तकाला घराण्याचे नाव आणि वाटा दोन्ही मिळतात, म्हणून हा शब्द आपल्याला पटकन पोहोचतो.

२:१० मध्ये आपण देवाची हस्तकृती आहोत असे म्हटले आहे. घरात आजीने शिवलेली गोधडी असेल तर ती हातात घेऊन हे वचन वाचा. जुन्या लुगड्यांचे तुकडे असतात, टाके सगळे एकसारखे नसतात, पण कुणाचा हात आहे हे घरातल्या कुणालाही सांगता येते.

याला जोडून गलतीकरांस ३:२८ वाचा: यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री, सगळे ख्रिस्तात एक. आणि हेही मान्य करायला हवे की आपल्या मंडळ्यांनी ते पुरते पाळलेले नाही. लग्ने ठरवताना जात विचारली जाते. नव्या माणसाला हे कुठे ना कुठे दिसणारच. दिसले तर वचन खोटे ठरत नाही, आम्ही ठरतो.

स्तोत्रे, रोज एक

दुसऱ्या महिन्यात रोजच्या वाचनाला एक स्तोत्र जोडा. १५० आहेत. ४२, १३९, ८८ आणि २३ यांपासून सुरुवात करा. ४२ मध्ये माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू खिन्न का झालास. ८८ अंधारातच संपते, शेवटी उजाडत नाही, आणि तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. ज्या दिवशी 'मी देवाचे लेकरू' असे म्हणायला जीभ रेटणार नाही त्या दिवशी ८८ मोठ्याने वाचा. तीही प्रार्थनाच आहे. खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, जगू नये असे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना चालू ठेवा आणि गोळ्याही चालू ठेवा. लूक, ज्याच्या नावाचे शुभवर्तमान आहे, त्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो.

मंडळीत जाताना

एकट्याने वाचून ओळख पुरी होत नाही. हाक मारणारा देव बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या तोंडून हाक मारतो. महिनाभर वाचन झाले की जवळच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी जा. मागच्या बाकावर बसा. गाणी येत नसली तरी उभे राहा, बाकी काही करावे लागत नाही. प्रभुभोजन किंवा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तेव्हा ती वेळ आली की जागेवर बसून राहा. कोणी वाईट मानत नाही. उपासनेनंतर पाळकांना किंवा फादरांना भेटून विचारा, इथे शास्त्राभ्यासाचा गट आहे का? पाच-सात माणसांचा, प्रश्न विचारू देणारा गट मिळाला तर तो धरून ठेवा.

काही खुणा दिसल्या तर मात्र मागे फिरा. आजार बरा करण्याचे किंवा नोकरीचे आमिष, पैशांची मागणी, घरच्यांपासून लपवून ठेवण्याचा आग्रह, औषधे बंद करण्याचा सल्ला, बाप्तिस्म्याची घाई. देवाला घाई नसते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवले की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी काही वर्षे गेली. मुळातून वेद-शास्त्रे वाचलेली बाई हे लिहू शकते, तर दोन महिन्यांत तुम्हाला सगळे उमगले नाही म्हणून खट्टू होऊ नका.

नाव, आडनाव, घर

हे प्रश्न मला चहाच्या वेळी हळू आवाजात विचारले जातात, म्हणून इथे सरळ लिहिते.

नाव बदलावे लागत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि ते शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. त्यांची भजने आम्ही आजही झांज-पेटीवर म्हणतो. मराठीपणही सुटत नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापले ते ओव्यांत, आणि त्यात मराठीला भाषांमधली रत्नकीळा म्हटले. येशूची गोष्ट या भाषेत चारशे वर्षे नांदते आहे.

घरच्यांशी बोला, आणि लवकर बोला. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय बेतले ते लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे. दोघे काही वर्षे वेगळे राहिले. पुढे त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी या वाटेला आल्या. घरच्यांना चकित करण्यापेक्षा त्यांच्यासमोर वाचत बसा. आरतीच्या वेळी आईचे ताट हातात घ्यायचे का, प्रसाद खायचा का, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. रोमकरांस १४ वाचून तुमच्या विवेकाने ठरवा, पण आईशी तुटक वागू नका. बापाला आणि आईला मान देण्याची आज्ञा बाप्तिस्म्यानंतरही लागू असते.

कागदपत्रांचेही पाहा. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. तुमचे शिक्षण, नोकरी किंवा निवडणूक त्या दाखल्यावर असेल तर जाणत्या वकिलाशी बोलून मगच पाऊल उचला. 'विश्वास असेल तर विचारायचे कशाला' असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे येशूनेच लूक १४ मध्ये सांगितले आहे.

दोन महिन्यांनी

वहीचे पहिले पान उघडा. 'धाकटा', 'नापास', 'घटस्फोटित', 'मॅनेजर', जे काही लिहिले असेल ते एकेक वाचा आणि त्याच्या समोर, दोन महिन्यांत देवाच्या तोंडी ऐकलेला जो शब्द तुम्हाला आपला वाटला असेल तो लिहा. काही ओळींसमोर जागा मोकळी राहील. राहू द्या. काही जुनी नावे प्रेमाने दिलेली असतात, आईची हाक असते. त्यांच्यासमोर काहीच लिहायची गरज नाही. आमच्या त्या मुलाने 'पार्सलवाला' तसेच ठेवले. म्हणाला, लोकांची नावे वाचून दारोदार हाका मारतो, हे काम आता मला आवडायला लागलंय.

यानंतर योहानाचे शुभवर्तमान घ्या, घाई न करता. विसाव्या अध्यायात मरीया मग्दालीया कबरेपाशी येशूला माळी समजते, आणि तो तिचे नाव घेतो तेव्हाच ओळखते. तिथपर्यंत पोहोचलात की मला सांगावेसे वाटेल असे काहीतरी तुमच्या वहीत असेल.

आणि वहीचे शेवटचे पान कोरे सोडा. प्रकटीकरण २:१७ मध्ये विजय मिळवणाऱ्याला एक पांढरा खडा देण्याचे वचन आहे. त्यावर एक नवे नाव लिहिलेले असेल, घेणाऱ्याखेरीज कुणालाही ठाऊक नसलेले. ते पान त्यासाठी.